सामायिक फाइलीचें कुलूप : तें कोण लावतो व कसें काढावें

मार्चअखेर जवळ आली कीं निफाड तालुक्यांतील सोसायट्यांच्या कचेऱ्यांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें : “थांबा, फाइल लॉक झाली आहे.” द्राक्षाची तोड चालू असते, उन्हाळ कांदा काढणीस आलेला असतो, मजूर बांधावर ठेवून शेतकरी भरणा करण्यासाठीं घाईनें आलेला असतो, आणि खिडकीपलीकडील लेखनिक पडद्याकडे बोट करून स्वस्थ बसतो. कुलूप कोणीं लावलें, किल्ली कोणापाशीं आहे व तें केव्हां उघडेल, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्यास देतां येत नाहीं. गेल्या दोन हंगामांत अनेक सभासदांनीं व कांहीं संचालकांनीं आम्हांस याबद्दल विचारणा केली, म्हणून हा विषय येथें घेतला आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिरासाठीं हें लिखाण नाहीं. ज्याचा पैसा त्या फाइलींत मांडला जातो, आणि ज्यास संचालक या नात्यानें त्या मांडणीबद्दल वार्षिक सभेंत उभें राहून उत्तर द्यावें लागतें, अशा खातेदारासाठीं तें आहे.

हा केवळ कचेरींतील गैरसोयीचा प्रश्न नव्हे. खरिपाच्या पीककर्जाची फेड ३१ मार्चच्या आंत झाली तरच केंद्र सरकारकडून वेळेवर परतफेडीबद्दल मिळणारी ३ टक्क्यांची व्याज-सवलत पदरांत पडते, आणि तिला राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचें कर्ज बिनव्याजी पडतें. मुदत टळली कीं तोच मनुष्य थकबाकीदारांच्या यादींत जातो. ३ लाखांवर ७ टक्क्यांनीं वर्षाचें व्याज २१,००० रुपये होतें. लहान बागाईतदाराच्या घरांत ही रक्कम थोडी नव्हे. तेव्हां ३१ मार्चच्या भर दुपारीं तीन-चार तास अडून बसलेली फाइल काय किंमतीस पडूं शकते, हें निराळें सांगावयास नको.

कुलुपाची गरजच काय, असें कोणी विचारील. पूर्वीं कीर्द व खतावणी हीं लाल कापडाच्या बांधणीचीं पुस्तकें असत. १९०४ सालीं आपल्या देशांत सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, तेव्हांपासून कित्येक दशकें संस्थांचा कारभार अशा पुस्तकांवरच चालला. पुस्तक एक, लिहिणारा एक. दुसऱ्यास लिहावयाचें तर पहिल्याचें होईपर्यंत तो थांबे. संगणकानें हें बदललें. आतां पुस्तक एका टेबलावर असतें, परंतु तारेनें जोडलेल्या चार टेबलांवरचे चार जण त्यांत एकाच वेळीं लिहूं शकतात. समजा, एका सभासदाकडे ५०,००० रुपये येणें आहे. त्यानें २०,००० भरले, म्हणून खिडकीवरील लेखनिकानें ५०,००० ही बाकी वाचली व वजाबाकी करूं लागला. त्याच क्षणीं गोदामांतून त्या सभासदाचा मुलगा ६,००० चें खत उधार नेत आहे. गोदामपालानेंहि ५०,००० च वाचले व त्यांत ६,००० मिळविले. लेखनिकानें ३०,००० लिहिले, मागून गोदामपालानें ५६,००० लिहिले. खरी बाकी ३६,००० असावयास पाहिजे होती; खात्यावर ५६,००० राहिले, आणि भरलेल्या २०,००० चा मागमूसहि उरला नाहीं. असा अनर्थ होऊं नये म्हणून जो प्रथम लिहावयास घेतो त्याच्या हातीं तेवढें पान राहतें व इतरांस तें तात्पुरतें बंद होतें. हेंच तें कुलूप.

आपल्या तालुक्यास ही कल्पना नवी नाहीं. नांदूरमध्यमेश्वराच्या बंधाऱ्यापासून निघणारे गोदावरीचे कालवे असोत, किंवा १९९० च्या दशकांत ओझरच्या पाणी वापर संस्थांनीं वाघाड धरणाच्या पाण्याची स्वतः बसविलेली वांटणी असो, पाळी ही गोष्ट येथील पोरासहि समजते. ज्याची पाळी त्याचें दार उघडें, तेवढ्या वेळेपुरतें इतरांचें बंद. फरक इतकाच कीं पाटावरची पाळी तासांची असते, फाइलींतील पाळी डोळ्याचें पातें लवेल इतकीच असावयास पाहिजे. ती तासांची होऊं लागली म्हणजे कोठें तरी बिघाड आहे असें समजावें. रात्रीं चोरून दाराचें कुलूप तोडणारास पाणी मिळतें खरें, परंतु शेजाऱ्याचा वाफा फुटतो. फाइलीचें कुलूप तोडणाराचेंहि तसेंच होतें, आणि येथें फुटलेला वाफा महिन्यानें दृष्टीस पडतो.

आमच्या पाहण्यांतील लहान संस्थांत व खत-दुकानांत घरगुती पद्धतीनें बनविलेलें काम बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ॲक्सेस नांवाच्या साधनांत चालतें. तें १९९२ सालीं प्रथम बाजारांत आलें व स्वस्त आणि सोपें म्हणून रुजलें. पुढील विवेचन त्यासच धरून केलें आहे.

ॲक्सेसची फाइल कोणी उघडली कीं त्याच फोल्डरांत, त्याच नांवाची, पण निराळ्या शेपटीची एक लहानशी फाइल आपोआप उत्पन्न होते. तिची शेपूट एलएसीसीडीबी अशी असते. २००७ च्या पूर्वींच्या पद्धतीच्या फाइलींत ती एलडीबी असे. ही कुलूप-फाइल म्हणजे एक हजेरीपट होय. उघडणाऱ्या प्रत्येकाची त्यांत ६४ अक्षरांची एक ओळ असते : ३२ त्याच्या संगणकाच्या नांवाचीं व ३२ वापरणाराच्या नांवाचीं. अशा २५५ ओळींपर्यंत जागा आहे. शेवटचा मनुष्य बाहेर पडला कीं हा हजेरीपट पुसला जातो. नोटपॅडमध्यें तो उघडून पाहतां येतो, परंतु त्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. कारण मधल्या मनुष्यानें फाइल बंद केली तरी त्याची ओळ लगेच खोडली जात नाहीं. कोण आलें होतें हें तो सांगतो. कोण अजून आंत आहे हें खात्रीनें सांगत नाहीं. दुसरी एक गोष्ट पुष्कळांस फसविते. प्रत्येकास स्वतंत्र नांव व परवलीचा शब्द दिलेला नसला, तर ॲक्सेस सर्वांसच ‘ॲडमिन’ या एका नांवानें ओळखतें. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत जो उघडील तो ॲडमिन.

कुलुपें दोन जातींचीं असतात, हें येथेंच सांगून ठेवतों. एक सबंध फाइलीचें, म्हणजे वाड्याच्या दरवाजाचें. तें लागलें कीं दुसऱ्या कोणासहि आंत शिरतां येत नाहीं. दुसरें आंतील पानाचें. फाइल सर्वांस उघडते, परंतु ठराविक नोंदी लिहितां येत नाहींत. हें पान ४,०९६ बाइटांचें असतें. आपण एकच खातें धरलें असें वाटतें, परंतु त्याच पानावर बसलेलीं शेजारचीं दहा-वीस खातीं त्याबरोबर अडकूं शकतात. फक्त एकाच नोंदीस कुलूप लावण्याची सोय ॲक्सेसच्या २००० सालच्या आवृत्तीपासून आहे, पण ती चालू आहे कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं.

आमच्याच तालुक्यांतील एका सोसायटींत कांहीं वर्षांपूर्वीं ३१ मार्च रोजीं घडलेला प्रकार आम्हीं जवळून पाहिला, कारण त्याचा निकाल लावण्यास पुढें आम्हांस बसावें लागलें. संस्थेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. कचेरींत चार संगणक होते : गटसचिवांच्या टेबलावर एक, भरण्याच्या दोन खिडक्यांवर दोन, आणि मागील आवारांतील खताच्या गोदामांत चौथा. मूळ फाइल गटसचिवांच्या संगणकावर असे. गर्दीमुळें पावत्या हातानें फाडीत व मागाहून संगणकांत नोंद करीत. साडेअकराच्या सुमारास पहिल्या खिडकीवर एक नोंद जतन होईना. पडद्यावर इंग्रजींत दोन ओळी आल्या. ॲडमिन या वापरणारानें अमक्या यंत्रावरून ही नोंद अडविली आहे, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. तेथील मदतनीस मुलानें त्यांतील ‘ॲडमिन’ हा एकच शब्द वाचला, आणि ज्या कारागिरानें तो प्रोग्रॅम बनवून दिला होता त्यास फोन लावला. “अहो भाऊ, मी तर सप्तशृंगीच्या गडावर आलों आहें, मी कशाला तुमची फाइल धरूं?” असें उत्तर आलें.

गंमत अशी कीं कांहीं सभासदांच्या नोंदी होत होत्या व कांहींच्या होत नव्हत्या. अडलेल्यांत एकाच वस्तीवरचे व एकाच आडनांवाचे लोक अधिक होते. संस्थेची निवडणूक जवळ आलेली, “मुद्दाम आमच्याच भावकीचें अडवितां काय?” असा ओरडा झाला, आणि अर्धा तास त्या भांडणांत गेला. खरें कारण मागच्या आवारांत होतें. गोदामपालानें त्या वस्तीवरील एका सभासदाचें खातें खताच्या उधारीसाठीं उघडलें, आंकड्याचें पहिलें अक्षर टाइप केलें, आणि इतक्यांत खताचा ट्रक आला म्हणून तो पोतीं मोजावयास उठून गेला. नोंद अर्धवट उघडी, पान त्याच्या नांवें कुलूपबंद. त्या वस्तीनें एकाच वेळीं सभासदत्व घेतलेलें असल्यामुळें त्यांचे क्रमांक लागोपाठचे, म्हणून तीं सर्व खातीं त्याच पानावर. भाऊबंदकीचा त्यांत कांहींहि संबंध नव्हता.

एवढ्यावरच भागतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. मदतनीस मुलगा हुशार. त्यानें मूळ फाइलीची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतली व तींत नोंदी करण्यास आरंभ केला. एक वाजतां गोदामपाल भाकरी खाऊन परतला, त्यानें नोंद पुरी केली आणि कुलूप आपोआप सुटलें. दुसरी खिडकी व गोदाम मूळ फाइलींत काम करीत राहिले, पहिली खिडकी आपल्या प्रतींत. संध्याकाळीं सहा वाजतां, सर्वांनीं फाइल बंद केल्यावर, मुलानें आपली प्रत मूळ फाइलीच्या जागीं ठेवली. “जुनी काढून नवी ठेवूं काय?” असें संगणकानें विचारलें, त्यानें होय म्हटलें. साडेअकरापासून सहापर्यंत दुसऱ्या खिडकीनें व गोदामानें केलेल्या सर्व नोंदी त्या एका होकारानें नाहींशा झाल्या. रोकड मोजली तेव्हां ती कीर्दीपेक्षां जास्त भरली. मार्चअखेरची रात्र, सर्व थकलेले. गटसचिवांनीं जास्तीची रक्कम अनामत खात्यांत टाकली व ‘मागाहून पाहूं’ म्हणून कुलूप लावून घरीं गेले.

एप्रिलच्या मध्यास थकबाकीदारांची यादी फलकावर लागली. तींत एका वृद्ध खातेदाराचें नांव होतें. गांव त्यांस आबा म्हणतें. द्राक्षाचे पैसे हातीं येतांच त्यांनीं १,४०,००० रुपये ३१ तारखेस दुपारीं दुसऱ्या खिडकीवर भरले होते. प्लास्टिकच्या पिशवींत घडी करून ठेवलेली पावती घेऊन ते कचेरींत आले. कोणाशींहि भांडले नाहींत. पावती टेबलावर ठेवून त्यांनीं इतकेंच विचारलें, “मग मी पैसे भरले ते कोणाच्या घरांत भरले, साहेब?”

त्यानंतर दोन रात्री आम्ही व गटसचिव पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन बसलों. खात्यावर न निघालेल्या एकेका पावतीची रक्कम मांडीत गेलों, आणि शेवटीं ती बेरीज अनामतींतील रकमेशीं रुपयास रुपया जुळली. ती रक्कम त्या रात्रीं नुसती तिजोरींत राहिली असती व अनामतींत लिहिली गेली नसती, तर हा पुरावाहि हातीं आला नसता. संचालक मंडळानें ठराव केला, लेखापरीक्षकांस सर्व कागद दाखविले, आणि नोंदी पावतीच्या तारखेनें पुन्हां घेतल्या गेल्या. खताच्या उधारीच्या दोन नोंदींचें चलन मात्र कधींच सांपडलें नाहीं. तो तोटा संस्थेच्या अंगावर पडला.

आतां शोध कसा करावा तें सांगतों. पडद्यावर आलेला मजकूर पुरता वाचावा, किंवा वाचणाऱ्याकडून वाचवून घ्यावा. त्यांत बहुधा यंत्राचें नांव असतें. यासाठीं संगणकांस कारखान्यानें दिलेलीं अक्षर-आंकड्यांचीं अगम्य नांवें तशींच न ठेवतां ‘खिडकी एक’, ‘गोदाम’ अशीं समजण्याजोगीं नांवें द्यावीं. हें काम पांच मिनिटांचें आहे व आमच्या मतें तें सर्वांत उपयुक्त आहे. नांव कळलें कीं फोन न करतां चालत त्या यंत्रापाशीं जावें. ज्या नोंदीच्या डाव्या कडेस पेन्सिलीचें चिन्ह दिसतें ती अर्धवट आहे असें समजावें. लिहिणारा मनुष्य सांपडला तर त्याच्याकडून ती पुरी करून घ्यावी. न सांपडला तर एस्केपची कळ दोनदां दाबली म्हणजे अर्धवट बदल रद्द होतो व कुलूप सुटतें.

मजकुरांत नांव नसेल तर मूळ फाइल ज्या संगणकावर आहे तेथें ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’ उघडून ‘शेअर्ड फोल्डर्स’ या सदराखालील ‘ओपन फाइल्स’ पाहावें. नेटवर्कवरून कोण कोणती फाइल धरून आहे याची यादी तेथें असते. खुद्द त्याच संगणकावर बसलेल्या मनुष्याचें नांव मात्र तींत येत नाहीं. तेव्हां यादी रिकामी दिसली तर गटसचिवांनीं प्रथम आपल्याच पडद्याकडे पाहावें, असें नम्रपणें सुचवितों. पडद्यावर कांहीं दिसत नसतांहि ॲक्सेस आंत जिवंत राहिलेलें असूं शकतें. ‘टास्क मॅनेजर’मध्यें तें सांपडतें. ‘ओपन फाइल्स’च्या यादींतूनच एखाद्याचा हात बळानें सोडविण्याचीहि सोय आहे. ती केवळ समोरचें यंत्र खरोखर बंद पडलें आहे अशी डोळ्यांनीं खात्री केल्यावरच वापरावी, कारण लिहितां लिहितां हात सोडविला तर मूळ फाइलच मोडण्याचा संभव असतो.

सर्व जण बाहेर पडले आहेत, तरी हजेरीपट फोल्डरांत पडून आहे, असेंहि घडतें. वीज गेली किंवा यंत्र मध्येंच बंद पडलें कीं तो पुसणारा कोणी उरत नाहीं. अशा वेळीं तो काढून टाकण्यास हरकत नाहीं, पण प्रथम मूळ फाइलीची प्रत तारीख घालून दुसरीकडे ठेवावी. हजेरीपट काढूं लागतां विंडोज ‘फाइल वापरांत आहे’ म्हणून नकार देईल, तर कोणी तरी अजून आंत आहे असें निश्चित समजावें. त्या नकारावर उपाय म्हणून मुख्य संगणकाची वीज बंद करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं पुढें ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ची डागडुजी करीत घालविलेल्या रात्रीहि पाहिल्या आहेत. ही डागडुजी कचेरी बंद झाल्यावर व प्रत घेतल्यावरच करावी.

कुलूप वारंवार लागत असेल तर मूळ कारण बहुधा तीन-चार ठिकाणींच सांपडतें. पहिलें, आणि संचालकांच्या हातून नकळत होणारें, म्हणजे फोल्डरावरील हक्क. ‘नव्या मुलास फक्त वाचण्याचा हक्क द्या, त्यानें कांहीं बिघडवूं नये,’ असें सावधपणें सांगितलें जातें. परंतु त्यास त्या फोल्डरांत नवी फाइल करण्याचा हक्क नसेल तर हजेरीपटच तयार होत नाहीं; मग तो पहिल्यानें आंत गेला तर एकटाच आंत राहतो व बाकीचे दाराबाहेर. म्हणून जे जे ती फाइल वापरतात त्या सर्वांस त्या फोल्डरांत वाचणें, लिहिणें, नवी फाइल करणें व काढणें हे चारहि हक्क पाहिजेत. कोणीं काय बदलावें याचें नियंत्रण प्रोग्रॅमच्या आंत नांव व परवलीचा शब्द देऊन करावें. फोल्डराचें दार अरुंद करून तें साधत नाहीं. दुसरें कारण, उघडण्याच्या पद्धतींत ‘शेअर्ड’च्या ऐवजीं ‘एक्सक्लुझिव्ह’ निवडलेलें असणें. किंवा कारागीर चालू दिवसांत मूळ फाइलीच्या रचनेंत दुरुस्ती करीत बसणें. तिसरें, तार. पत्र्याच्या गोदामांत वाय-फाय मध्येंच तुटतें, आणि तें लिहितांना तुटलें तर अर्धें वाक्य पुस्तकांत व अर्धें हवेंत राहतें. अशा फाइलीसाठीं केबलच टाकावी. शंभर-दीडशे फुटांच्या केबलीस असा खर्च तो काय येतो! मुख्य संगणक थोडा वेळ न वापरल्यास झोपीं जाण्याची जी सोय असते ती बंद ठेवावी, आणि त्यास यूपीएस असावा. इन्व्हर्टरवर भिस्त ठेवणारांनीं लक्षांत घ्यावें कीं वीज बदलतांना जो क्षण जातो तेवढ्यांतहि कांहीं संगणक बंद होऊन पुन्हां चालू होतात.

चौथें कारण अलीकडचें आहे. घरूनहि काम करतां यावें म्हणून फाइल गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरांत ठेवतात. तेथें फाइल एक नसतेच. प्रत्येक यंत्रावर तिची निराळी प्रत असते व मागाहून सबंध फाइलीच्या जागीं सबंध फाइल ठेवली जाते. वर सांगितलेल्या मदतनीस मुलानें एकदां जें हातानें केलें, तें ही सोय रोज न सांगतां करते. ॲक्सेसची चालू फाइल तेथें कधींहि ठेवूं नये. रात्रीं काम संपल्यावर बंद केलेल्या फाइलीची प्रत तेथें ठेवणें ही गोष्ट निराळी, ती अवश्य ठेवावी. एक्सेलबद्दलहि एक शब्द : सामायिक फोल्डरांतील एक्सेलची वही एक जण उघडतो तेव्हां बाकीच्यांस ती फक्त वाचण्यापुरती मिळते. मग जो तो ‘यादी २’, ‘यादी २ नवी’, ‘यादी शेवटची’ अशा प्रती करीत सुटतो. चार जणांनीं लिहावयाच्या हिशेबास हें साधन योग्य नाहीं.

कायमचा उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी बिनखर्ची : ॲक्सेसची फाइल दुभंगावी. खात्यांचे तक्ते तेवढे मुख्य संगणकावर एका फाइलींत ठेवावे, आणि नोंदीचे नमुने, पावत्या, अहवाल हा दर्शनी भाग प्रत्येक टेबलावरच्या संगणकांत स्वतंत्र ठेवून मागील फाइलीस जोडावा. ही विभागणी करण्याची सोय ॲक्सेसमध्येंच आहे. दर्शनी भाग सर्वांनीं एकच वापरण्याची जी चाल आहे ती निम्म्या भांडणांचें मूळ होय. याच वेळीं नोंदीपुरतें कुलूप लावण्याची सोय चालू करून घ्यावी. फाइलीची वाढ २ गिगाबाइटपर्यंतच होऊं शकते, तेव्हां जुन्या वर्षांचे हिशेब वेळींच वेगळे काढावे.

दुसरी पायरी म्हणजे खरा सर्व्हर. त्यांत कोणताहि लेखनिक फाइलीस हात लावीत नाहीं. तो सर्व्हरास मागणी करतो, आणि पाटकऱ्याप्रमाणें दारें उघडणें-लावणें हें काम सर्व्हर एकटाच करतो. यंत्र मध्येंच बंद पडलें तर अर्धवट नोंद तो स्वतः मागें घेतो. एक अडचण तेथेंहि उरते. एकानें कर्जखातें धरलें व त्यास भागखातें पाहिजे, दुसऱ्यानें भागखातें धरलें व त्यास कर्जखातें पाहिजे. अरुंद गाडीवाटेंत दोन बैलगाड्या समोरासमोर याव्या तशी ही गत होते. सर्व्हर अशा वेळीं एका गाडीस मागें घेण्यास लावतो, म्हणजे एकाची नोंद रद्द करतो. ती त्यानें पुन्हां करावी, घाबरूं नये.

२९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिची अंमलबजावणी नाबार्डकडे देण्यांत आली. त्या योजनेंतील समान प्रोग्रॅमवर ज्या संस्था आल्या त्यांच्या कर्जखात्यांची फाइल आतां गटसचिवांच्या टेबलावर राहिलेली नाहीं, व तिच्या कुलुपाची काळजीहि त्यांच्याकडे नाहीं. परंतु खत-दुकानाचा साठा, मतदारांची यादी, गाळ्यांचें भाडें हें सर्व अनेक ठिकाणीं अजून घरच्या फाइलींतच आहे, आणि तेथें वरील सर्व गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात. आपल्या संस्थेंत कोणतें काम कोठें आहे, रात्रीची प्रत कोण घेतो व ती कोठें ठेवतो, हें सभासदांनीं वार्षिक सभेंत विचारावें. गेल्या महिन्याच्या एका तारखेची प्रत समोर उघडून दाखविण्यासहि सांगावें, कारण घेतलेल्या प्रती न उघडण्याचा अनुभव आम्हांस आहे.

वर वर्णिलेल्या सोसायटींत पुढील वर्षीं संगणकांस नांवें दिलीं, गोदामापर्यंत केबल टाकली, फाइल दुभंगली, आणि अनामत खात्यांत रक्कम टाकावयाची तर त्याच रात्रीं स्थळप्रतींशीं ताळा घ्यावा असा ठराव केला. ३१ मार्चला फाइल दोनदां अडली. दोन्ही वेळां पडद्यावर ‘गोदाम’ असें आलें, मदतनीस मुलगा मागच्या आवारांत धांवत गेला, आणि पांच मिनिटांच्या आंत खिडकी पुन्हां सुरू झाली. आबा रांगेंत तिसरे होते. पावती घेऊन त्यांनीं तेथेंच थांबून खात्यावर नोंद झाल्याचें पडद्यावर पाहून घेतलें, व मग पिशवी बांधली.